एका शब्दाची ओल

अर्थबाईंना त्यांच्या खऱ्या नावाने ओळखणारा माणूस गल्लीत एकच उरला होता, तो म्हणजे पोस्टमन. बाकी सगळ्यांसाठी त्या अर्थबाई. स्टेशनरीच्या दुकानावरच्या खोलीत, रस्त्याकडच्या खिडकीला लागून त्यांचं टेबल होतं. टेबलावर गोल शिक्का, शाईचं पॅड आणि भिंग. शब्दकोश तीन होते. एक खिशात मावेल एवढा, दुसरा विटेएवढा, आणि तिसरा पाच खंडांचा, वडिलांकडून आलेला. वडील कोर्टात दुभाषे होते. तो कोश बघायचा तर उठून कपाटाशी जावं लागे आणि खंड दोन्ही हातांनी उचलावा लागे.

लोक त्यांच्याकडे जन्माचे दाखले आणत, औषधाच्या खोक्यातली बारीक अक्षरांची घडी आणत, शिवणयंत्राची माहितीपुस्तकं आणत, परदेशी गेलेल्या मुलांची पत्रं आणत. शब्द कितीही ओळखीचा असो, तिन्ही कोशांत बघितल्याशिवाय तो सांगायचा किंवा लिहायचा नाही, असा त्यांचा नेम होता. खालचा स्टेशनरीवाला त्यावरून त्यांची फिरकी घ्यायचा.

"बाई, 'आणि'चा अर्थसुद्धा बघता का हो तुम्ही?"

"बघते. कधी कधी तो 'पण' निघतो."

हा नेम त्यांनी एकदाच मोडला होता. आणि तो मोडला आहे हे त्यांना कळायला सत्तावीस वर्षं लागली.

तेव्हा त्या सव्वीस वर्षांच्या होत्या. वडील जाऊन चार महिने झाले होते, शिक्का नवाकोरा होता, आणि खोलीत एकटीने बसायची अजून सवय व्हायची होती. एका सकाळी गल्लीच्या टोकाची इस्त्रीवाली मावशी जिना चढून वर आली. तिच्या मागे तिची पंधरा वर्षांची धाकटी मुलगी, आणि तिच्या मागे अर्धी गल्ली. मावशीच्या हातात पाकीट होतं. तिचा थोरला मुलगा मालवाहू जहाजावर इंजिनाला तेल घालायच्या कामाला होता. तो गेल्याचा कागद कंपनीकडून आधीच आला होता. त्यावर 'प्रवासात मृत्यू' एवढे दोन शब्द आणि तारीख. हे पत्र जहाजावरच्या आचाऱ्याचं होतं, इंग्रजीत, दोन पानांचं, गिचमिड अक्षरात.

"वाच," मावशी म्हणाली. "आहे तसं वाच. गोड करून सांगू नकोस."

अर्थबाईंनी उभ्या उभ्याच वाचायला घेतलं. तापाने चार दिवस फणफणला होता. शेवटच्या दिवशी आईच्या दुकानातल्या वाफेचा वास येतोय म्हणाला. पहाटे गेला. 'सकाळी आम्ही चौघांनी त्याला वर नेलं, आणि त्याला ठेवलं ते' — इथे एक शब्द होता — 'त्यांच्यामध्ये.'

शब्द चार इंग्रजी अक्षरांचा होता आणि स्वच्छ लिहिलेला होता. लिंग. तेवढाच एक शब्द आचाऱ्याने सुवाच्य काढावा, याला काय म्हणायचं. हा शब्द मराठी कानांपुढे मोठ्याने उच्चारायचा म्हणजे पंचाईत. समोर रडवेल्या बायका, दारात चार पुरुष, एक तर गालातल्या गालात हसायला तयारच असलेला. सव्वीस वर्षांच्या अर्थबाईंचे कान तापले. त्यांनी शब्द न उच्चारता खिशातला कोश उघडला. तिथे एकच अर्थ होता: थंड समुद्रातला लांबट मासा, खारवून वाळवतात.

"माशांमध्ये," त्या म्हणाल्या. "त्याला वर डेकवर नेलं, मावशी, आणि समुद्रात... माशांमध्ये ठेवलं."

मावशी होती तिथेच कोसळली. बायकांनी तिला उचललं, कुणी पाणी आणलं. भानावर आल्यावर तिने पहिलं काय केलं असेल तर दोन्ही पानं घडी करून पोलक्यात सरकवली. दुसरं पान वाचायचं राहिलंय म्हटल्यावर ती म्हणाली, "बास. कुठे आहे ते कळलं."

पाच खंडांचा कोश सहा पावलांवर होता. जिना रिकामा झाल्यावरही अर्थबाई त्याच्याकडे गेल्या नाहीत. काम संपलं होतं.

त्या महिन्यापासून मावशीच्या दुकानात ओल यायला लागली.

दुकान कोरडं ठणठणीत होतं. पूर्वेला दार, पश्चिमेला झरोका, मध्ये जाड घोंगडी अंथरलेलं इस्त्रीचं लांब टेबल, आणि भिंतीला फळ्या. फळ्यांवर इस्त्री झालेल्या शर्टांच्या, चादरींच्या थप्प्या. रोज सकाळी दुकान उघडलं की प्रत्येक थप्पीतला एकच कपडा ओला निघायचा. वरचा नाही, खालचा नाही, मधला. पिळून काढावा असा ओला. वरखालचे कोरडे कडकडीत. आणि वाळल्यावर त्या कपड्याच्या कॉलरवर, शिवणीवर पांढरी रेघ उमटायची. एकाने ती जिभेला लावून बघितली. मीठ होतं.

गवंड्याने भिंती ठोकून बघितल्या, नळवाल्याने फरशी उकरली. काही सापडलं नाही. गिऱ्हाइकं कुरकुरली, थोडी तुटली. बाकीच्यांना सवय झाली. माणसाला कशाचीही सवय होते. लोक कपडे न्यायला येताना सांगत, "मावशी, मधला बदलून द्या." ती ओला कपडा काढून घेई, परत धुवून, परत इस्त्री करून देई, आणि तोंडातून ब्र काढत नसे.

अर्थबाईंचेही कपडे तिथेच जात. एकदा त्यांनी विचारलं, "मावशी, कंटाळा नाही का येत?"

"कसला? तो येतो, हात पुसतो, जातो," मावशी म्हणाली. कपाळावरचे केस मागे सारावेत इतक्या सहज म्हणाली. "पूर्वीही तसंच करायचा. तेलाचे हात, आणि पुसायला गिऱ्हाइकाचा शर्ट."

धाकटी ओठ आवळून निखारे ढवळत राहिली. तिने आईशी या विषयावर बोलणं कधीच सोडून दिलं होतं. पुढे निखाऱ्याच्या इस्त्र्या गेल्या, विजेच्या आल्या, धाकटीने दुकान हातात घेतलं, मावशी खुर्चीत बसून घड्या घालू लागली. तिने समुद्राकडे तोंड करून बसणं सोडलं, मासे खाणं सोडलं, कुणी बोटीचा विषय काढला तर ती उठून आत जायची. ओल मात्र सुटली नाही. सत्तावीस वर्षांत एकही सकाळ चुकली नाही.

त्या वर्षी उन्हाळा सुरू होताना अर्थबाईंकडे एका व्यापाऱ्याचं काम आलं. परदेशी मधाच्या बाटल्यांवरची लेबलं होती. पाच प्रकारचे मध, पाच लेबलं. त्या नेहमीसारख्या शब्द शब्द बघत चालल्या होत्या. तिसऱ्या लेबलावर तो शब्द आला.

आधी त्यांना हसू आलं. माशाचा मध? मग बोटं थांबली. त्या उठल्या, कपाटाशी गेल्या, तिसरा खंड दोन्ही हातांनी उचलून खिडकीपाशी आणला आणि भिंग लावलं. त्या एकाच आकाराच्या शब्दाखाली तीन वेगवेगळे मजकूर होते. एक, थंड समुद्रातला लांबट मासा. तेच नाव, एका थंड मुलखात, गोड्या पाण्याच्या तळ्यातल्या माशालाही. हा बर्फाखालच्या पाण्यात राहतो. दुसरा, उजाड डोंगरांवर माजणारं ठेंगणं, काटक झुडूप. जांभळी बारीक फुलं. मधमाश्या त्याच्यावर येतात. तिसरा शब्दच नव्हता, शब्दाच्या शेवटी लागणारं शेपूट होतं.

दुसरा मजकूर अर्थबाईंनी तीनदा वाचला. मग त्यांना ते वाक्य आठवलं, जसंच्या तसं. आम्ही चौघांनी त्याला वर नेलं. डेकवर, असं त्यांनी स्वतःच्या पदरचं घातलं होतं. पत्रात फक्त 'वर' होतं.

खोलीत ऊन होतं, खाली स्टेशनरीवाला कुणाला तरी वह्या मोजून देत होता. अर्थबाई कपाटाला पाठ लावून जमिनीवर बसल्या.

दुपारी त्या दुकानात गेल्या. मावशी आता अठ्ठ्याहत्तर वर्षांची होती, पण हात पक्के. रुमालांच्या घड्या घालत होती.

"मावशी, ते पत्र आहे का तुमच्याकडे? आचाऱ्याचं?"

धाकटीने इस्त्री उभी ठेवली. मावशीने काही न विचारता टेबलावरच्या घोंगडीचा कोपरा उचलला आणि खालून पाकीट काढलं. "दुसऱ्या पानाचं काही राहिलं नाही," ती म्हणाली. "पहिल्याच वर्षी भिजलं."

खरंच, दुसऱ्या पानावर निळसर धुकं होतं फक्त. पहिलं पान शाबूत होतं. अर्थबाईंनी तो शब्द पुन्हा बघितला. मग त्यांनी सांगितलं. लांबण लावली नाही, रडल्या नाहीत. म्हणाल्या, "मी चुकले. मी लाजले आणि एकच कोश बघून मोकळी झाले. हे झुडपाचं नाव असू शकतं. डोंगरावरच्या. त्याला जमिनीत ठेवलं असेल, मावशी. वर नेलं म्हणजे डोंगरावर नेलं असेल."

मावशीने रुमालाची एक कड अंगठ्याने दाबली.

"म्हणजे तो कोरडा आहे?"

"असेल. बहुतेक."

"बहुतेक नको. काय ते एक सांग."

"कोरडा आहे," अर्थबाई म्हणाल्या.

दुसऱ्या दिवशी सकाळी धाकटी धावत जिना चढून आली. एकही कपडा ओला नव्हता. थप्प्या उलटून उलटून बघितल्या होत्या. सत्तावीस वर्षांत पहिल्यांदा. बोलता बोलता ती पायरीवर बसली आणि तोंडावर हात घेऊन हमसून हमसून रडली. अर्थबाई तिच्या पाठीवरून हात फिरवत राहिल्या. आपल्या चुकीची किंमत दुसऱ्या कुणीतरी इतकी वर्षं रोज सकाळी चुकवली होती.

आठ दिवस दुकान कोरडं राहिलं. नवव्या दिवशी एका डॉक्टरांच्या कोटाच्या घडीतून काहीतरी टेबलावर सांडलं. धाकटीला वाटलं चहाची पूड आहे. बोटावर घेतलं तर बारीक वाळकी फुलं, खसखशीपेक्षा थोडी मोठी, जांभळट. दुसऱ्या दिवशी चादरीत. मग बाह्यांमध्ये, खिशांत. प्रत्येक थप्पीतल्या मधल्या कपड्यात. आणि दुकानात मधाचा वास. धूप नाही, साबण नाही, मधच. त्यामागोमाग मधमाश्या आल्या. त्या कुणाला चावत नव्हत्या, इस्त्रीच्या वाफेलाही हटत नव्हत्या. फळीवर रांगेने बसून राहायच्या.

धाकटी घाबरली, पण मावशीचा चेहरा उजळला होता. "चालत येतो आता," ती म्हणाली. "पायाला ओरखडे असतील."

अर्थबाईंनी ती फुलं चिमटीत घेऊन खोलीवर आणली आणि कोशातल्या चित्राशेजारी ठेवली. भिंगातून बघितलं. फरक नव्हता. आजूबाजूच्या शंभर कोसांत असलं झुडूप उगवत नाही, हे त्यांना ठाऊक होतं. त्यांनी खंड मिटला आणि बराच वेळ त्याच्यावर हात ठेवून बसल्या, आतून कुणी उघडेल की काय असं वाटून.

इथे त्यांनी गप्प बसायला हवं होतं. पण आयुष्यभराची खोड. एकदा अर्धवट अर्थ सांगून हे सगळं झालं, आता पुन्हा अर्धवट सांगायचं नाही, असं त्यांच्या मनाने घेतलं. एका दुपारी धाकटी त्यांना बाजूला घेऊन म्हणाली, "ताई, झुडूपच आहे ना नक्की? आईला पुन्हा धक्का नको."

"नव्वद टक्के. पण खोटं कशाला बोलू, अजून एक अर्थ आहे. एक गोड्या पाण्यातला मासा, गोठलेल्या तळ्यातला. बर्फाखाली राहतो. त्या मुलखात बंदर असेल तर..."

त्या थांबल्या. मावशी खुर्चीत होती. डोळे मिटलेले होते, पण घडी घालणारे हात थांबले होते.

दुसऱ्या दिवशी ऊन मी म्हणत होतं. रस्त्यावरचं डांबर मऊ झालं होतं. अकराच्या सुमाराला अर्थबाई दुकानाशी पोचल्या तेव्हा बाहेर पाचसहा जण उभे होते आणि कुणी आत जात नव्हतं. धाकटी दारात उभी, अंगावर गिऱ्हाइकाचा लोकरी कोट. आत इस्त्री तापत नव्हती. दिवा लागलेला, तार गरम, पण लोखंडाला हात लावला तर बोट चिकटत होतं. फळ्यांवरचे शर्ट फळ्यांसारखेच कडक झाले होते. धाकटीने एक उचलला तर त्याची बाही मोडली. कापड मोडल्याचा आवाज अर्थबाईंनी त्याआधी कधी ऐकला नव्हता. झरोक्याच्या काचेवर बर्फाची पानं उमटली होती. फळीवरच्या मधमाश्या जागच्या जागी मरून पडल्या होत्या.

मावशी खुर्चीत बसली होती. नखं निळी. बोलताना तोंडातून वाफ येत होती.

"काल काय बोललीस तू?" ती म्हणाली. आवाज चढला नव्हता. "कुठे नेलंस त्याला?"

अर्थबाई खुर्चीजवळ सरकल्या.

"वरून झाकण बसल्यासारखं झालंय. ठोकतोय तो. ऐकू येत नाही तुला?"

अर्थबाईंनी ऐकलं. फळ्यांच्या मागून, भिंतीच्याही मागून, खोल कुठून तरी आवाज येत होता. ठक. मग बरंच थांबून, ठक. बाहेर उभ्या माणसांनीही ऐकला असावा, कारण ते दोन पावलं मागे सरले.

त्या मावशीपुढे गुडघ्यांवर बसल्या, तिचे गार हात आपल्या हातांत घेतले आणि म्हणाल्या, "मावशी, माझं ऐका. तो अर्थ इथला नाही. मी उगाच बोलले. ते झुडूपच आहे. डोंगर आहे, ऊन आहे, वर मोकळं आकाश आहे. चौघांनी त्याला वर नेलं. वर म्हणजे डोंगरावर. ऐकताय ना? डोंगरावर."

त्या तेच तेच सांगत राहिल्या. किती वेळ, त्यांनाही सांगता आलं नसतं. घसा बसेपर्यंत. केव्हातरी काचेवरून पहिला थेंब ओघळला. मग इस्त्रीची तार करकरली आणि घोंगडीतून वाफ निघाली. ठोकण्याचा आवाज कधी थांबला ते कुणाच्या ध्यानातच आलं नाही.

मावशीने हात सोडवून घेतले. "यापुढे मला विचारल्याशिवाय त्याचं काही बोलायचं नाही," ती म्हणाली. "आणि खरं काय ते शोधून काढ."

शोधायला एकच धागा होता, आचाऱ्याच्या पाकिटावरचा पोस्टाचा शिक्का. भिंगाखाली बंदराचं नाव लागलं. अर्थबाईंनी तिथल्या बंदर कचेरीला पत्र लिहिलं. त्या एका पानाच्या पत्राचे त्यांनी सात खर्डे केले. प्रत्येक शब्द तिन्ही कोशांत बघितला, स्वतःचा 'मी'सुद्धा. उत्तर येईपर्यंतचे सहा आठवडे त्या खोलीबाहेर फारशा पडल्या नाहीत. आलेलं काम परत पाठवत. लोकांशी बोलताना मध्येच थांबत, शब्द तोंडात घोळवत. वरण म्हणावं की आमटी, एवढ्यानेही कुणाचं काही होईल अशी धास्ती. स्टेशनरीवाल्याने विचारलं, "बाई, बरं नाही का?" तर त्यांनी 'बरं' या शब्दाचा इतका विचार केला की तो कंटाळून निघून गेला.

उत्तर बंदर कचेरीचं नव्हतं. कचेरीने पत्र पुढे पाठवलं होतं. लिहिणारा तिथल्या दफनभूमीचा राखणदार होता. पोस्टमनने पाकीट दिलं तेव्हा अर्थबाईंनी ते लगेच फोडलं नाही. दार लावलं, तिन्ही कोश टेबलावर घेतले, आणि पूर्ण पत्र दोनदा मनात वाचलं. मग त्या उठून मावशीकडे गेल्या.

धाकटीने दुकानाचं दार ओढून घेतलं. मावशी म्हणाली, "आहे तसं वाच."

"'बाई,'" अर्थबाई वाचू लागल्या, "'तुम्ही विचारता तो माणूस इथे आहे. बंदराच्या वर डोंगर आहे, तिथे खलाशांसाठी जागा राखली आहे. नोंदवहीत त्याचं नाव चुकीचं लिहिलं आहे, पण जहाजाचं नाव आणि तारीख जुळते. ती झुडपं सगळ्या डोंगरावर आहेत.'"

मावशीने डोळे मिटले. धाकटी तिच्या खुर्चीमागे येऊन उभी राहिली.

अर्थबाईंनी पान उलटलं. पुढचं वाचायचं की नाही, हा प्रश्न त्यांनी रस्ताभर स्वतःला विचारला होता. वाचलं नसतं तरी कुणाला कळलं नसतं. त्यांनी वाचलं.

"'त्या जागेबद्दल एक सांगायला हवं. मी इथे एकतीस वर्षं कामाला आहे. डोंगर कोरडा आहे, पाणी ठरत नाही. पण ती एक जागा पहिल्या वर्षापासून ओली होती. कितीही चर खणा, पाणी साचायचं, आणि ते खारं असायचं. समुद्र तिथून तीनशे पायऱ्या खाली आहे. त्यावर एक पान उगवलं नाही. आम्ही विचार करणं सोडून दिलं होतं. या वर्षी उन्हाळ्याच्या तोंडावर एका सकाळी ती जागा कोरडी झाली. आठवड्याभरात झुडपं आली आणि हंगाम नसताना फुलली. मग एक दिवस, भर उन्हात, तेवढ्याच जागेवर वीतभर जाड बर्फ सापडला. मी तो कुदळीने फोडायला गेलो, तोवर आपोआप वितळला. त्यानंतर काही नाही. झुडपं चांगली आहेत. मी म्हातारा माणूस आहे आणि मला खोटं लिहून काही मिळायचं नाही.'"

इस्त्रीचा दिवा विझला, परत लागला.

सत्तावीस वर्षं. अर्थबाईंच्या मनात तेवढंच होतं. माणूस डोंगरावर निजला होता, आणि आपण त्याला तिथून उचलून समुद्रात नेऊन ठेवला. एका शब्दाने. कान तापले म्हणून.

"मावशी," त्या म्हणाल्या.

मावशीने डोळे उघडले. मग ती म्हणाली, "तू सव्वीस वर्षांची होतीस. दारात तो मेला दात काढून उभा होता, मी बघितलं होतं." पुढे म्हणाली, "माफ केलं असं नाही म्हणत मी. तेवढं मोठं मन नाही माझं. पण तू आज मागचं पान वाचलंस."

धाकटी नाक पुसत हसली. मावशीने पत्र मागून घेतलं, वाचता येत नसताना दोन्ही बाजूंनी बघितलं, आणि घोंगडीखाली न ठेवता समोरच्या फळीवर उघडं ठेवलं.

"अजून काही अर्थ आहे का त्या शब्दाचा?" तिने विचारलं.

अर्थबाई दचकल्या. "आहे एक. पण मी सांगणार नाही."

"वाईट आहे?"

"नाही. शब्दाच्या शेवटी लागतो तो. लागला की... लहानसं, कुणाचंतरी पिल्लू, असं काहीसं होतं."

मावशीने मान डोलावली. "असू दे. तो चालेल."

त्या अर्थाने काही झालं का, हे कुणाला कधी कळलं नाही. कपडे कोरडे राहिले. फुलं पडायची थांबली. मावशी पुढे दोन वर्षं जगली आणि एका दुपारी घड्या घालता घालता गेली. तिच्या हातातला रुमाल अर्धाच दुमडलेला होता. धाकटीने तो तसाच ठेवला, आणि पुढच्या उन्हाळ्यात दुकान आठ दिवस बंद ठेवून एकटीच त्या डोंगरावर जाऊन आली. तिथे काय बघितलं ते तिने सांगितलं नाही. परत आल्यावर तिच्या बुटांना माती होती, तीही तिने पुसली नाही.

अर्थबाईंनी काम सोडलं नाही. मात्र कुणी पत्र घेऊन आलं की त्या आधी त्याला खुर्ची देत, दार लावून घेत, आणि सगळी पानं स्वतःशी वाचून होईपर्यंत तोंडातून अवाक्षर काढत नसत. कधी पाऊण तास लागे. समोरच्या माणसाचा जीव टांगणीला लागायचा, काहीजण चिडून उठून जायचे. त्या जाऊ देत.

एवढ्याने मात्र त्यांचं भागलं नाही. कपाटाच्या खालच्या कप्प्यांत त्यांच्या सगळ्या कामाच्या नकला होत्या, वर्षवार बांधलेल्या. पहिल्या वर्षाचं गाठोडं त्यांनी सोडलं आणि एकेक कागद खिडकीच्या उजेडात तपासायला घेतला. त्या एका वर्षाला पावणेतीन महिने लागले. अकरा चुका निघाल्या. नऊ बिनमहत्त्वाच्या होत्या. शिवणयंत्राचा एक पट्टा उजवीकडचा डावीकडे झाला होता, असलं काही. उरलेल्या दोन त्यांनी वेगळ्या कागदावर लिहून काढल्या. एक कुणाच्या तरी बहिणीच्या आजाराबद्दल होती, दुसरी एका माणसाने घराच्या दाराबद्दल लिहिलेल्या वाक्यात होती. दोन्ही पत्ते जुने होते. अर्थबाईंनी कागदाची घडी केली, चपला घातल्या आणि जिना उतरून विचारपूस करत निघाल्या.